बाटली दाखव, चाक धर

निपाणी-संकेश्वर रस्त्यावर सत्याप्पा कांबळेला मागे टाकून गेला नाही, असा माणूस त्या काळी सापडला नसता. सायकलवाले जायचे, उसाच्या बैलगाड्या जायच्या. बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासुद्धा काठी टेकत टेकत पुढे व्हायच्या आणि वर विचारायच्या, "सत्याप्पा, संकेश्वरला कवा पोचणार रं?"

"दिवाळीला. तुमी व्हा म्होरं, मी आलोच," तो म्हणायचा.

सत्याप्पा बांधकाम खात्याचा रोलर चालवायचा. पुढे एक रुंद लोखंडी चाक, मागे दोन थोरली, वर पत्र्याचं छप्पर आणि भकभक धूर सोडणारं इंजिन. माणूस तिशीतला, उंच आणि हडकुळा. आधी काही वर्षं त्याने याच रस्त्यावर खडीच्या पाट्या वाहिल्या होत्या. मग मारुतीराव नावाच्या जुन्या ड्रायव्हरने त्याला हाताशी धरून रोलर शिकवला आणि नोकरी सोडून घरी बसताना एकच गोष्ट बजावली. गरम डांबरावर रोलर उभा करायचा नाही.

"म्होरं जा, मागं ये, पर हुबा ऱ्हाऊ नगो. हुबा ऱ्हायलास की खळगा पडला बघ. मग त्यो खळगा जल्मभर तुझ्या नावानं."

सत्याप्पाने हे इतकं मनावर घेतलं होतं की डांबराच्या दिवशी त्याच्याशी बोलायचं तर रोलरच्या बाजूने चालत बोलावं लागे. चहा आला तर आणणारी बाई बशी सांभाळत शेजारून चालायची. मुकादम भरमू शिव्या द्यायचा त्याही चालता चालता, आणि चालणाऱ्या माणसाच्या शिव्यांना फारसा जोर राहत नाही. एवढा धीमा रोलर, पण त्याच्या हातचा रस्ता आरशासारखा सपाट. त्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जायच्या आणि रस्ता कुणी दाबला हे विचारायला कोणी थांबायचं नाही. सत्याप्पाला याचं वाईट वाटायचं. तो बोलून दाखवत नसे, पण वाटायचं.

त्याची बायको तानीबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची. दिवसभर हवेत तंबाखूच्या बारीक धुळीचा खकाणा. लहान पोरांना घरी ठेवायला कुणी नसलं की बायका त्यांना बरोबर आणायच्या आणि पोत्यांच्या आडोशाला बसवायच्या. तानीबाईची एकुलती एक सोनू अशीच वखारीत वाढली. पाचव्या वर्षी तिला खोकला लागला तो काही केल्या हटेना. खोकता खोकता पोर वाकडी व्हायची, डोळ्यांतून पाणी यायचं.

शेजारच्या अंबुबाईने उपाय सांगितला. "डांबराच्या धुरात बशीव. डांग्या खोकलाबी पळतोय म्हंत्यात. आणि तुज्या दारात तर डांबराचा धनी हाय."

आता सत्याप्पा असल्या गोष्टींना भुलणारा नव्हता. छपन्न साली बौद्ध होताना त्याच्या बापाने घरातले सगळे देव वेदगंगेत सोडले होते, आणि तेव्हापासून त्या घरात कुणाच्या गळ्यात गंडा नाही की दंडात ताईत नाही. तो दोन दिवस विचार करत बसला. शेवटी म्हणाला, "धूर म्हंजी काय द्येव न्हवं. औषिद हाय ते." असं स्वतःला पटवून त्याने पोरीला कामावर न्यायचं ठरवलं.

"पडली बिडली तर?" तानीबाई म्हणाली.

"माज्या मांडीवरनं कशी पडंल?"

तानीबाईने तरीही जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली. पोरीला बापाच्या कमरेशी त्या पट्टीने आवळून बांधायचं आणि मगच इंजिन चालू करायचं, असं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं.

पहिला दिवस सोनूने डोळे मिटून काढला. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि बापापुढच्या वळवायच्या चाकाला हात घातला. रोलरचं चाक मोटारीसारखं नसतं. फिरवलं की लगेच काही होत नाही, कारण साखळीत ढील असते. थोडं फिरवायचं, ढील संपेपर्यंत धीर धरायचा, मग ते धूड हळूच मान वळवतं. सोनूला धीर कुठला! काही होत नाही म्हणून ती चाक फिरवतच राहिली, आणि मग रोलर जो वळला तो थेट ज्वारीच्या दिशेने. भरमू मुकादम हातवारे करत धावत आला. तो पोचेपर्यंत सत्याप्पाने चाक परत फिरवून रोलर जागेवर आणलाही होता. कोवळ्या पोरीच्या हाती चाक द्यावं आणि चूक झाली तर सावकाश दुरुस्त करावी, अशी सवड देणारं दुसरं वाहन त्याने तरी पाहिलं नव्हतं. शिवाय पुढे-मागे करायचा दांडा त्याच्याच मुठीत असायचा. तो त्याने पोरीला कधी धरू दिला नाही.

"आप्पा, म्या वळीवला?" सोनूने विचारलं.

"तूच वळीवलास की. आता मी सांगतो तवा वळीव. आधी वाईच, मग गप ऱ्हायचं."

महिन्याभरात सोनूचा खोकला निम्म्यावर आला आणि होळीपर्यंत जवळजवळ गेला. सत्याप्पाला आभाळ ठेंगणं झालं. भेटेल त्याला तो सांगत सुटला, डांबराने गुण दिला. रस्त्याकडेच्या वस्त्यांवर ही बातमी रोलरपेक्षा कितीतरी वेगाने गेली. काखेला खोकणारी पोरं घेऊन बायका बांधावर येऊन बसायला लागल्या. सत्याप्पा एकेकाला वर घ्यायचा, लुगड्याच्या पट्टीने कमरेशी बांधायचा, एक जाण्यायेण्याची फेरी चाक हातात द्यायचा आणि उतरवायचा. ओव्हरसियर साहेबांनी एकदा पाहिलं आणि सरकारी यंत्रावर पोरं बसवतोस म्हणून कानडीत चांगली हजेरी घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांचाच धाकटा खोकत खोकत जीपमधून आला. त्यानंतर साहेब फक्त खडीकडे बघायचे.

बायका त्याला डॉक्टर म्हणायला लागल्या. आधी थट्टेत म्हणायच्या, मग खरंच. यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्याचा आनंद कळायचा नाही. याच बायका एरवी त्याला पाणी द्यायच्या ते वरून. तो ओंजळ धरायचा, त्या हातभर अंतरावरून तांब्या ओतायच्या, शिंतोडा उडणार नाही अशा बेताने. त्याच बायका आता आपलं पोटचं पोर त्याच्या मांडीवर देत होत्या. पाणी अजून वरूनच येत होतं, पण पोर मांडीवर होतं. सत्याप्पाला वाटायचं, हळूहळू पाणीही खाली येईल.

तवंदी घाटाखालच्या वाडीतली नागुबाई आपल्या शामूला घेऊन यायची. चार वर्षांचा काटकुळा पोरगा. खोकल्याची उबळ आली की निळा पडायचा आणि उबळ गेली की पुन्हा चाकाकडे हात करायचा. चाक हातात आलं की तो असा खदखदून हसायचा की खडी पसरणाऱ्या बाया घमेली टाकून बघत राहायच्या.

"दवाखान्यात दावू का अण्णा?" नागुबाईने एकदा विचारलं होतं. "सासू म्हंत्या, कशाला."

"कमी हुईल की. माज्या पोरीचा गेला न्हवं," सत्याप्पा म्हणाला होता.

पावसाळ्यात रस्त्याचं काम बंद झालं. रोलर खात्याच्या आवारात, सत्याप्पा आवारात, साहेब डोक्यावर. सोनूला पुन्हा आईबरोबर वखारीत जावं लागलं, आणि पंधरवड्यात खोकला परत हजर. आधीपेक्षा वाईट. सत्याप्पाने उपाय केला तो त्याच्या मते सरळ होता. आवारातून त्याने डांबराचा एक गोळा आणला, रविवारी दुपारी दार लावून घेतलं आणि शेगडीवर लोखंडी घमेल्यात तो वितळवायला ठेवला. एका खोलीचं घर. काळा धूर कौलांना लागला आणि तिथून खाली उतरायला लागला. सोनूचा श्वास अडकला. तानीबाईने घमेलं उचललं, पदराने धरलं तरी हात भाजले, आणि तिने ते अंगणातल्या चिखलात भिरकावून दिलं.

"डांबर डांबर काय लावलंय!" ती ओरडली. सहसा ती नवऱ्यावर ओरडायची नाही. "अवो, संक्रातीच्या वक्ताला डांबर आलं न्हवतं. निस्ती खडी दाबत हुता की तुमी. तवा ती खोकली का?"

सत्याप्पा दारात उभा राहिला. संक्रांतीला खरंच डांबराची गाडी आली नव्हती. त्या सबंध हंगामात डांबर मोजके दिवस जळलं होतं, बाकीचे दिवस नुसती कोरडी खडी, मुरूम आणि पाणी. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि त्या कोरड्या दिवसांतही पोर खोकली नव्हती.

"खकाण्यात न्हवती म्हून बरी झाली ती," तानीबाई भाजलेले हात पाण्यात बुडवून म्हणाली. "वाऱ्यावर हुती. बाकी काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी सोनूला घेऊन दोघं सरकारी दवाखान्यात गेली. तिथे औषध आपल्या बाटलीतून न्यायची पद्धत होती. लाल रंगाचं पातळ औषध, आणि बाटलीला किती प्यायचं ते दाखवायला कापलेली कागदाची पट्टी. डॉक्टरांनी छाती तपासली आणि तानीबाई म्हणाली होती तेच सांगितलं, फक्त जास्त रागाने. सोनू सहा वर्षांची झाली होती. तिला शाळेत घातलं, आणि शाळा सुटल्यावर अंबुबाईच्या घरी बसवायचं ठरलं. हळूहळू ती सुधारली. तानीबाई मात्र वखारीत जातच राहिली. तिलाही खोकला होता, पण त्याची चौकशी कुणी केली नव्हती, खुद्द तानीबाईनेही नाही.

दिवाळीनंतर रोलर पुन्हा रस्त्यावर आला आणि बांधावर पुन्हा बायका. खरं तर सत्याप्पाने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की बायांनो, डांबरात काही नाही. त्याने सांगितलं नाही. पोरं बसतात, हसतात, त्यात कुणाचं काय जातं, असं तो मनाशी म्हणायचा. पण खरं कारण त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तो पुन्हा नुसता रोलरवाला सत्याप्पा झाला असता, सगळ्यांनी मागे टाकून जायचा.

काम घाटाखाली पोचलं तेव्हा नागुबाई आली. एकटीच, हातात पितळेचा तांब्या. डांबर नुकतंच पसरलं होतं आणि त्यातून वाफा निघत होत्या. ती रोलरच्या बाजूने चालायला लागली.

"आक्का, शामू कुठाय? मोठा झाला आसंल की आता," सत्याप्पा वरून म्हणाला.

"न्हाई राहिला त्यो, अण्णा. श्रावणात मेला."

इंजिनाचा आवाज मोठा होता, पण त्याला नीट ऐकू गेलं. नागुबाई चालत होती आणि सांगत होती. उबळ आली ती थांबलीच नाही. दवाखान्यात न्यायचं तिने म्हटलं तर सासू म्हणाली, दिवाळी होऊ दे, रोलर सुरू झाला की नेऊ, डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे. तिच्या बोलण्यात दोष नव्हता. टोमणा नव्हता. ती घडलं तसं सांगत होती.

"पर अण्णा, तुमच्या मांडीवर लई हसला बगा त्यो. येवडं हसलेलं मी त्याला घरात कदी बगिटलं न्हवतं. म्हून म्हटलं, तुमास्नी पानी तरी द्यावं."

आणि तिने तांब्या वर केला. ओतायला नव्हे. हातात द्यायला.

सत्याप्पाने रोलर थांबवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गरम डांबरावर, मध्यावर. त्याने तांब्या घेतला आणि त्याला पाणी पिता येईना. ज्या तांब्याची त्याने इतकी वाट पाहिली होती तो असा आला. भरमू लांबून बोंबलत होता, "आरं हल की! खळगा पडतोय!" थोरली चाकं सावकाश खाली बसत होती. सत्याप्पाला ते कळत होतं, पण दांड्यावरचा हात हलेना.

बऱ्याच वेळाने तो खाली उतरला आणि बांधावर बसलेल्या बायकांकडे गेला.

"डांबरानं खोकला जात न्हाय," तो म्हणाला. "माजी चूक झाली. पोरं दवाखान्यात न्ह्या."

त्याला वाटलं होतं, बायका गप्प होतील, चटचट उठतील. तसं काही झालं नाही. एक म्हणाली, डॉक्टर आता भाव खायला लागला. दुसरी म्हणाली, आमच्या पोरांचा कंटाळा आला वाटतं. कोणी उठलं नाही. आणि तेवढ्यात मघापासून आपल्या पाळीची वाट बघत असलेल्या एका पोराने, आज चाक मिळणार नाही हे ओळखून, मातीत लोळण घेतली. हातपाय आपटत त्याने असा आकांत मांडला की त्याची आई हैराण झाली. सत्याप्पा त्या पोराकडे बघत राहिला. आईने ऐकलं नव्हतं, पण पोराला हवं ते चाक सत्याप्पाकडे होतं.

तो पोरापुढे उकिडवा बसला. "ह्ये बग. दवाखान्यातनं लाल औषिदाची बाटली आण. बाटली दाव, चाक धर. बाटली न्हाय तर चाक न्हाय."

पोर तिथल्या तिथे उठलं आणि आईचा पदर ओढत निपाणीच्या दिशेने चालू लागलं.

त्या हंगामात निपाणीच्या सरकारी दवाखान्यात पोरांनी आयांना ओढत आणल्याचं दृश्य नेहमीचं झालं. दारूच्या, तेलाच्या, सरबताच्या, मिळतील त्या बाटल्या धुऊन आणलेल्या. मग औषधाचा पहिला घोट घेऊन, तोंड वाकडं करत, पोरं बाटली झेंड्यासारखी वर धरून रस्त्याकडेला उभी राहायची. सत्याप्पा बाटली हातात घ्यायचा, बूच काढून वास घ्यायचा आणि मगच पोराला वर घ्यायचा. घरी त्याने तानीबाईलाही सांगितलं, तूही बाटली घेऊन जा.

"मग मलाबी चाक धराया देनार?" ती म्हणाली.

"तू तर घराचं धरलंयस की," तो म्हणाला. पण ती गेली, आणि बाटली घेऊन आली.

घाटाखालचा खळगा राहिला तो राहिलाच. भरमूने दोनदा डांबर ओतून बघितलं, दोन्ही वेळा ते निघून गेलं. कोल्हापूरची एस.टी. तिथून जाताना मागच्या बाकावरची माणसं उडायची आणि रस्ता करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. एकदा सत्याप्पा स्वतः त्या गाडीत मागे बसला होता. तोही उडाला. शेजारचा प्रवासी म्हणाला, "कुठल्या गाढवानं रस्ता केलाय कुनास ठाऊक." सत्याप्पा म्हणाला, "मीच केलाय." त्या माणसाला ती थट्टा वाटली.

आठेक वर्षांनी रस्त्यावर नवा थर घालायचं काम निघालं. सोनू तेव्हा निपाणीच्या हायस्कुलात होती आणि बाप रोलर चालवतो हे मैत्रिणींना सांगायला तिला थोडी लाज वाटायची, तेही वयाला धरून होतं. सत्याप्पाच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते. काम घाटाखाली आलं त्या दिवशी खळग्याच्या जरा अलीकडे एक पाच-सहा वर्षांची मुलगी बाटली वर धरून उभी होती.

तिथे अजून डांबर पडलं नव्हतं. त्याने रोलर थांबवला, बूच काढलं आणि वास घेतला. वास नव्हता. जिभेवर थेंब टाकला. साखरेच्या पाण्यात कुंकू.

"खोकला हाय का?"

मुलीने घाईने खोकून दाखवलं. इतकं वाईट खोटं खोकलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"खरं सांग."

"न्हाय," ती म्हणाली. "कायबी हुईत न्हाय मला."

"मग बाटली?"

"चाक धरायला."

"कुणाची गं तू?"

तिने मागे बोट दाखवलं. बांधावरून नागुबाई येत होती, केस विरळ झालेली, हातात तोच तांब्या. "जयी हाय ही," ती लांबूनच म्हणाली. "शामूच्या पाठची. ऐकतच न्हाय बगा, सकाळधरनं बाटली रंगवत बसलीया."

सत्याप्पाने पोरीला वर घेतलं. लुगड्याची पट्टी अजून त्याच्या बैठकीखाली असायची. ती कितीव्यांदा तरी बदललेली, पण तानीबाईच्याच लुगड्याची. पोरीला कमरेशी आवळून बांधलं. पुढे बाया खळग्यात डांबर-खडी ओतत होत्या आणि त्यातून वाफ उठत होती.

"आधी वाईच वळीव," तो म्हणाला. "मग गप ऱ्हायचं. त्ये आपसूक वळतंय."

जयीने चाक धरलं आणि रोलर जसा हलला तशी ती हसायला लागली, खदखदून, डोकं मागे टाकून, थेट त्याच्या छातीवर. ते हसू त्याने ओळखलं. रोलर खळग्यावर चढला, पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. सत्याप्पा रडत होता. डोळे पुसायला हात रिकामा नव्हता. एक दांड्यावर होता आणि दुसऱ्याने त्याने पोरीला पोटाशी धरलं होतं.

नागुबाई बाजूने चालत होती. "अण्णा, वाईच थांबा की. पानी प्या."

"आता न्हाय थांबत आक्का," तो म्हणाला. "डांबर गरम हाय."